ॲमस्टरडॅमचे कालवे, कळंबचा रस्ता आणि परत न येणारं गिऱ्हाईक



या आठवड्याच्या व्हिडिओत ॲमस्टरडॅमचे कालवे, बोटी, सायकली दाखवल्या आणि काही जणांना वाटलं, ताई आता फिरण्याचं चॅनल काढतेय की काय! तसं काही नाही. व्हिडिओच्या वेळेत हिशोब बसत नव्हता. म्हणून तिकडे फक्त गल्ल्या दाखवल्या, आकडे इथे लिहून देते. वही-पेन घेऊनच वाचा.

विषय तोच, जो दर बॅचला निघतो. कुणीतरी हात वर करून विचारतंच, "ताई, शनिवार-रविवारी नेरळवरून कळंबकडे गाड्यांची रांग असते. फार्महाऊसवाले, धबधब्यावाले, ट्रेकवाले. रोडटच एखादा गाळा घेऊन चहा-नाश्ता, थंडा आणि थोडं गिफ्टचं सामान ठेवलं तर चालेल ना?"

मी विचारते, चालेल, पण कुणाच्या जिवावर? हा प्रश्न बऱ्याच जणांना टोमण्यासारखा वाटतो. पण धंद्याचं भाडं कोण भरणार आणि नफा कोण देणार, ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी कळायला हवं. मला ते ॲमस्टरडॅमच्या दोन बाजारांत फार स्पष्ट दिसलं. एका बाजारात सगळं जग येऊन खरेदी करतं. दुसऱ्यात तिथलेच लोक भाजी-मासे घेतात आणि त्यांच्या मागून जग येतं.

आधी शहराबद्दल थोडं

आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो, बीबीएच्या वर्गातल्या. एक जण नोकरीमुळे ॲम्स्टेलव्हीनला राहते. ॲमस्टरडॅमला अगदी लागून असलेलं हे गाव, तिथे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत. तिच्याकडे राहायचं ठरलं म्हणून बेत जमला, नाहीतर तिथली हॉटेलं आपल्या खिशाला झेपणारी नाहीत. युरो साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे सगळे हिशोब डोक्यात करता येतील.

आपल्याकडे कालवा म्हटलं की राजनाला डोळ्यांसमोर येतो. शेताला पाणी देणारा. त्याच्यासोबत कुणी सेल्फी काढत नाही. ॲमस्टरडॅमचे कालवेही सेल्फीसाठी खोदलेले नव्हते. शहर वाढवायचं होतं आणि व्यापाऱ्याच्या दारापर्यंत माल पोचवायचा होता. १६१३ पासून जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळात एकामागे एक कालवे काढत गेले. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त ही त्यातली मोठी नावं. जिभेला बसायला दोन दिवस लागतात. २०१० मध्ये युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

काठावरची घरं बघण्यासारखी आहेत, पण मी सांगते त्या कारणासाठी बघा. पाण्याकडची बाजू महाग, म्हणून घराचं तोंड अरुंद आणि घर मागे लांबच लांब. सगळ्यात वर माळ्यापाशी एक तुळई बाहेर काढलेली असते, तिला आकडा. बोटीतून आलेला माल दोराने ओढून थेट माळ्यावर चढवायचा. खाली व्यापार, मध्ये बिऱ्हाड, वर गोदाम. म्हणजे गाळ्याचं भाडं नाही, गोदामाचं भाडं नाही, रात्री राखणदार नको. ज्यांचं स्वतःचं घर रस्त्याला लागून आहे आणि तरीही बाजारपेठेत गाळा शोधत फिरतायत, त्यांनी त्या आकड्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

याच शहरात डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०२ मध्ये सर्वसामान्य लोकांकडून भांडवल गोळा केलं. श्रीमंत सावकारांबरोबर एका मोलकरणीनेही आपली बचत त्यात घातल्याची नोंद आहे. आपल्या वेंगुर्ल्यात पडक्या अवस्थेत उभी असलेली डच वखार याच कंपनीची. शेअर बाजाराची ही गोष्ट मोठी आहे, तिचा वेगळा व्हिडिओ करू. आता बाजाराकडे.

जिथे फुलं शोधावी लागतात असा फुलबाजार

सिंगेल नावाच्या कालव्यावर तरंगता फुलबाजार आहे, १८६२ पासूनचा. पूर्वी बागायतदार बोटीत फुलं भरून आणायचे आणि बोटीवरूनच विकायचे. आज तिथे तराफ्यांवर पक्की दुकानं आहेत. आत शिरलं की बोट कुठे आणि जमीन कुठे हे कळतसुद्धा नाही. आणि ताजी फुलं? ती शोधावी लागतात. बहुतेक जागा पाकिटातल्या कंदांनी, लाकडी ट्यूलिपांनी आणि फ्रिजवर चिकटवायच्या मॅग्नेटांनी भरलेली.

आता पुढचं नीट वाचा. २०१९ मध्ये शहर प्रशासन आणि कंद उत्पादकांची संघटना यांच्या पुढाकाराने या बाजाराची तपासणी झाली. इथून विकत घेतलेले ट्यूलिपचे कंद लावून बघितले. किती फुलले? जेमतेम एक टक्का.

एक टक्का! ज्या देशाची ओळखच ट्यूलिप, त्याच्या राजधानीतल्या सगळ्यात प्रसिद्ध फुलबाजारात हा प्रकार. सगळे विक्रेते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण हे इतकी वर्षं चालू कसं राहिलं, याचा विचार करा. कंद घेणारा माणूस जपानचा, ब्राझीलचा नाहीतर मुंबईचा. तो घरी जाऊन कंद लावणार, काही महिने वाट बघणार, फूल येणार नाही. मग तो काय विमानाचं तिकीट काढून भांडायला येणार आहे? तो म्हणतो, आपल्याकडची हवाच चालली नसेल. संपला विषय.

कळंबमध्ये मी खराब निघालेली मिक्सरची जार विकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आत ती बाई दुकानासमोर उभी असते. तेव्हा राग येतो, पण तीच आपल्या दुकानाची क्वालिटी कंट्रोल. परत येणारं गिऱ्हाईक आपल्याला सरळ ठेवतं. परत न येणाऱ्या गिऱ्हाइकासमोर सरळ राहायचं तर ते फक्त स्वतःच्या मनाने, आणि समोर रांग लागलेली असताना मन फार काळ टिकत नाही.

आमच्यातली एक कंद घेणारच होती. ॲम्स्टेलव्हीनवाली म्हणाली, "अगं, इथून आम्ही कुणी घेत नाही. कंद हवे तर बागकामाच्या दुकानात जाऊ." मला तिथे एक छान कसोटी मिळाली. कुठल्याही बाजारात गेलात की बघा, त्या गावचा माणूस इथे खरेदी करतो का? करत नसेल, तर तो बाजार गर्दीवर जगतोय, विश्वासावर नाही.

गाव वैतागलं की काय होतं

स्टेशनातून बाहेर पडलं की डामराक नावाचा रस्ता लागतो. वॉफल, त्याच्यावर चॉकलेट, शेजारी परत वॉफल, मग चीजचं दुकान, मग मॅग्नेट, मग परत वॉफल. एकाचं चाललं की शेजारचा तेच काढतो, हे आपल्याकडेही आहे. एका नाक्यावर एक मिसळवाला चालला की वर्षात चार होतात. पण तिथे भाडी एवढी चढली की पाववाला, चांभार, हार्डवेअरवाला यांना मधल्या भागात राहणं परवडेना. राहणाऱ्या माणसाला रोजच्या वस्तूंसाठी लांब जावं लागायला लागलं आणि लोक चिडले.

मग शहराने एकामागे एक पावलं उचलली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मध्यवर्ती भागात फक्त पर्यटकांसाठी असलेली नवी दुकानं काढायला बंदी घातली. एक चीजचं दुकान या बंदीच्या सुमारास उघडलं होतं. शहर म्हणालं, बंद करा. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ च्या शेवटी निकाल शहराच्या बाजूने लागला. डिपॉझिट, फर्निचर, माल, सगळं करून बसलेला दुकानदार डोळ्यांसमोर आणा. पुढे २०१९ मध्ये राहतं घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर वर्षाला जास्तीत जास्त ३० रात्री असं ठरलं, आधी ती मर्यादा ६० होती. २०२१ मध्ये वर्षभरातल्या पर्यटकांच्या मुक्कामांना दोन कोटी रात्रींची मर्यादा ठरवली. २०२३ मध्ये तर दारू पिऊन धिंगाणा घालायला येणाऱ्या ब्रिटिश तरुणांसाठी "येऊ नका" अशी जाहिरातच केली. २०२४ मध्ये मुक्कामावरचा पर्यटक कर खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के झाला, आणि जुनं हॉटेल बंद झाल्याशिवाय नवं हॉटेल काढायचं नाही असंही ठरलं.

पर्यटकांना बोलावण्यासाठी जाहिराती करणारं शहर पंधरा-वीस वर्षांत त्यांना थोपवायच्या मागे लागलं. यात तुम्ही नऊ लाखांच्या त्या शहराची बाजू घ्या किंवा दुकानदाराची. मला दोघांचंही पटतं. मुद्दा एवढाच की गर्दीवरचा धंदा हा गावाच्या सहनशक्तीवरचा धंदा असतो, आणि ती सहनशक्ती तुमच्या बॅलन्स शीटमध्ये कुठेच लिहिलेली नसते.

लांबचं वाटतंय? डोंगरावर बघा. मार्च २०२५ मध्ये माथेरान बंद ठेवलं होतं, आठवतंय ना? कारण काय होतं, तर दस्तुरी नाक्यावर येणाऱ्या पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं अशी तक्रार. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण बंदची हाक माथेरानमधूनच आली, बाहेरून नाही. वर बसलेल्या हॉटेलवाल्याला, चिक्कीवाल्याला कळलं होतं की खाली नाक्यावर एकदाच भेटणाऱ्या गिऱ्हाइकाचा सौदा होतो, पण वाईट नाव सगळ्या डोंगराचं होतं.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. दर वर्षी कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर, धरणांवर अपघात होतात आणि प्रशासन बंदी आदेश काढतं. ते बरोबरच आहे, जीव महत्त्वाचा. पण ज्याने जुलै-ऑगस्टच्या भरवशावर धबधब्याच्या वाटेवर मक्याची आणि भजीची टपरी टाकली, त्याचा सीझन एका कागदाने संपतो.

दुसरा बाजार

ॲमस्टरडॅमच्या जुन्या भागाच्या दक्षिणेला अल्बर्ट काउप नावाच्या रस्त्यावर बाजार भरतो. १९०५ पासून. सोमवार ते शनिवार रोज, रविवारी सुट्टी. रविवारी! पर्यटकांसाठी बाजार असता तर रविवारी कुणी बंद ठेवला असता का? यावरूनच कळतं की हा बाजार कुणासाठी आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्टॉल. भाजी, मासे, चीज, पडद्याचं कापड मीटरवर, मोजे, सायकलची कुलपं, मोबाइलची कव्हरं. आपल्या आठवडी बाजारासारखंच, फक्त आरडाओरडा कमी. एक आजी मासेवाल्याशी बराच वेळ गप्पा मारत होत्या आणि मागची रांग शांत उभी होती. त्याच रांगेत आम्हीही, कॅमेरे लटकवून. शेजारी गरम स्ट्रोपवाफल मिळत होतं. दोन पातळ जाळीदार वॉफल आणि मध्ये गुळाच्या पाकासारखं चिकट सारण. मूळचं हौडा गावचं, ज्याला आपण चीजमुळे गौडा म्हणतो. आम्ही चौघींनी तिथे उभं राहून खाल्लं आणि घरी न्यायला डबे घेतले.

आता लक्षात घ्या, त्या स्ट्रोपवाफलवाल्याने आम्हाला बोलावलं नव्हतं. आम्हाला त्या बाजारात खेचलं ते भाजी घेणाऱ्या आजींनी. गावचे लोक दिसले म्हणून आम्हाला ती जागा खरी वाटली आणि तिथे आमचं पाकीट सैल झालं. फुलबाजारात आम्ही फोटो काढले, पैसे अल्बर्ट काउपला खर्च केले.

आणखी एक दुकान सांगते, कारण आपल्या बॅचमधल्या खाद्यपदार्थवाल्या मुलींनी ते नक्की लक्षात ठेवावं. व्हॅन स्टापेले. तिथे एकच प्रकारचं बिस्कीट मिळतं. बाहेरून काळ्या चॉकलेटचं, आत पांढरं चॉकलेट, भट्टीतून गरम गरम. दुसरं काही विचारायचं नाही. रांग बाहेरपर्यंत, आणि माल संपला की दुकान बंद. एकाच पदार्थाचे फायदे मोजा: कच्चा माल मोजका, उरलेल्याची नासाडी नाही, शिकवायला सोपं, गिऱ्हाइकाला विचार करायला लागत नाही म्हणून रांग भराभर पुढे सरकते. आपल्याकडे नवीन मुलगी स्टॉल टाकते आणि पहिल्याच दिवशी बोर्डावर वडापाव, पावभाजी, चायनीज, मोमो, फालुदा. अगं, गॅस एक आणि हात दोन!

मित्रमैत्रिणींचा ग्रुप खर्च कसा करतो

आपल्या भागात येणारं वीकेंडचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा ग्रुपच असतं. ऑफिसचे, कॉलेजचे, सोसायटीतले. आम्हीही ग्रुपच होतो, म्हणून मी आमच्याच सवयी टिपत गेले.

पहिली गोष्ट, पैसे टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. इंग्रजीत याला 'गोइंग डच' म्हणतात, म्हणजे आम्ही या पद्धतीच्या माहेरीच गेलो होतो. तिथे यासाठी टिक्की नावाचं ॲप आहे, एबीएन आम्रो बँकेने २०१६ मध्ये काढलेलं. नाव ऐकून आम्हाला भूक लागली ते सोडा. एकीने बिल भरायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची लिंक पाठवायची. आता यातली धंद्याची गोष्ट. जिथे वेगवेगळं बिल द्यायला नकार मिळाला तिथे आम्ही कमी मागवलं. कारण एकीने भरायचं म्हटलं की बाकीच्या संकोचतात, "मला फक्त कॉफी" म्हणतात. जिथे प्रत्येकीला आपलं आपण भरता आलं तिथे प्रत्येकीने गोड पण मागवलं. आपल्याकडे यूपीआय घराघरात आहे. टेबलावर क्यूआर ठेवा आणि "वेगवेगळं देणार का?" असं आपणहून विचारा. याला एक रुपया खर्च नाही.

दुसरी गोष्ट, ग्रुप कुठे थांबायचं ते कुणाच्या सोयीने ठरवतो? ज्याला सगळ्यात जास्त अडचण आहे त्याच्या. आमच्यातल्या एकीला टॉयलेट हवं होतं म्हणून आम्ही चौघी एका कॅफेत शिरलो आणि चार जणींचं खाणं तिथे झालं. ॲमस्टरडॅममध्ये टॉयलेटला बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक युरो मोजावा लागतो, म्हणजे पन्नास ते शंभर रुपये. लोक बिनतक्रार देतात, कारण स्वच्छ असतं. नेरळ-कळंब रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट असलेला पहिला गाळा कुणाचा असेल, त्याच्याकडे गाडीतली पाचही माणसं उतरतील. इंटिरियरला लाख रुपये घालायच्या आधी याचा विचार करा.

पार्किंगचंही तेच. तिथे मध्यवर्ती स्टेशनसमोर पाण्याखाली सायकलींचा तळ केलाय, २०२३ मध्ये सुरू झाला, सुमारे सात हजार सायकलींचा. पहिले २४ तास फुकट. गिऱ्हाइकाने वाहन कुठे लावायचं हा प्रश्न कुणीतरी त्याच्या आधी सोडवलेला असला पाहिजे. तुमच्या गाळ्यासमोर दोन गाड्या नीट लागत नसतील तर समोरून जाणाऱ्या दोनशे गाड्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

तिसरं, घरी न्यायची वस्तू. हे आपण फार दुर्लक्षित करतो. तिथे चीज हवाबंद करून मिळतं, स्ट्रोपवाफल डब्यात. प्रवासात सांडणार नाही, घरी चार जणांना वाटता येईल. आपल्याकडे उन्हाळ्यात करवंदं-जांभळं पानाच्या द्रोणात मिळतात, ते छानच आहे, पण ती गाडीत चिरडतात. भाताचं तर विचारूच नका. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या जातींना कर्जतचं नाव आहे, आणि आपल्याकडे येणारा डोंबिवलीकर घरी जाताना मॉलमधून तांदूळ घेतो. दोन किलोची पिशवी, वर गावाचं नाव, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयची नोंदणी. कुणीतरी मनावर घ्या.

जाता जाता, तुमच्यापैकी कुणी तिथे जाणार असेल तर: कॉफीशॉप असा बोर्ड दिसला की चहा-कॉफीला शिरू नका, तिथे गांजा मिळतो; कॉफीसाठी कॅफे शोधा. लालसर रस्ता सायकलींचा असतो, त्यावर उभं राहून फोटो काढलात तर मागून घंटी नाही, शिव्या येतात. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन आणि काही आठवडे आधी काढावी लागतात. बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत, कार्ड लागतं. आणि स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठावर जाणारी फेरीबोट फुकट आहे. आम्ही पैसे भरून तासाभराची कालव्याची सफरही केली, पण गप्पा रंगल्या त्या फुकटच्या बोटीत.

आता आपला हिशोब

ॲमस्टरडॅमच्या दुकानदारापेक्षा तुमची परिस्थिती एका बाबतीत फार चांगली आहे. त्याचं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं. तुमचं गिऱ्हाईक कल्याण, ठाणे, पनवेलला राहतं. ते वर्षात चार वेळा येऊ शकतं. आपण मात्र त्याला एकदाच येणारा समजून पाण्याची बाटली पाच रुपये जास्त लावतो.

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

गाळ्याचं भाडं महिना ८,००० रुपये. वर्षाचं ९६,०००. फक्त वीकेंडवर धंदा करायचा ठरवला तर वर्षात शनिवार-रविवार १०४. त्यातून बंदी आदेशाचे, मुसळधार पावसाचे, परीक्षांचे, मे महिन्यातल्या उन्हाचे दिवस काढा. बरे दिवस ७० धरू. भाड्याचा बोजा एका दिवसाला सुमारे १,३७० रुपये. मदतनीस ६००, वीज-गॅस वगैरे ३००. झाले २,२७०. मार्जिन ३५ टक्के धरलं तर एवढं निघायला दिवसाला साधारण ६,५०० रुपयांची विक्री हवी. एका ग्रुपचं सरासरी बिल २५० धरा. म्हणजे २६ ग्रुप. समोरून जाणारे नाहीत, ब्रेक मारून उतरणारे. आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून शून्य आहे.

आता त्याच गाळ्यात सोमवार ते शुक्रवार गावासाठी काहीतरी ठेवा. दूध-पाव, वह्या-पेन, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, शाळेच्या पोरांचा खाऊ, जे तुमच्या गावात कमी आहे ते. दिवसाला ३० माणसं, सरासरी ६० रुपये. विक्री १,८००. इथे मार्जिन कमी, २५ टक्के धरू, म्हणजे ४५० रुपये. वर्षाचे असे २६० दिवस. झाले १,१७,०००. भाडं निघालं आणि वर २१,००० उरले, त्यात वर्षभराचं लाइट बिल जाईल.

मग शनिवार-रविवारी तुमच्या डोक्यावर किती बोजा राहिला? फक्त ९०० रुपये. त्यासाठी विक्री हवी सुमारे २,६००, म्हणजे दहा-अकरा ग्रुप. बारावा ग्रुप थांबला की तुमचा पगार सुरू. बंदी आदेश आला, रविवार वाया गेला, तरी गाळा चालू राहतो.

२६ आणि ११. या दोन आकड्यांमधला फरक कळंबमधली रोजची ३० माणसं भरून देतात.

इथे एक शंका येते, आणि बॅचमध्ये एकाने ती विचारलीही: "ताई, गावातला माणूस उधारी मागतो, पाहुणा रोख देतो." खरं आहे. म्हणूनच गावच्या विक्रीचं मार्जिन मी मुद्दाम कमी धरलं. उधारीची वही एका पानाच्या वर जाऊ द्यायची नाही, नाव आणि रक्कम आठवड्याला मिटवायची. उधारी सांभाळणं हे काम आहे, कटकट आहे, पण ती शिकता येते. रिकाम्या रविवारवर मात्र तुमच्याकडे काहीच इलाज नाही.

नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. तिथे शेती खरी चालते, भाताच्या लागवडीच्या पद्धतीवर काम होतं, मासे पाळले जातात, आणि ते बघायला माणसं येतात. शेतीचा देखावा करून ठेवलेला नाही. अल्बर्ट काउपच्या आजींसारखंच आहे ते. आधी खरं काम, मग त्याच्याभोवती पाहुणा.

या आठवड्याचा गृहपाठ

गाळा बघायला जाण्याआधी दोन दिवस तिथे उभं राहायचं. एक मंगळवार, एक रविवार. सकाळी ८ ते १०, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. वहीत चार रकाने आखा: किती गाड्या गेल्या, किती थांबल्या, थांबलेल्यांनी शेजारच्या दुकानातून काय घेतलं, आणि त्यातले गावचे किती. चौथा रकाना भरायला लाजू नका. ओळखीचा चेहरा दिसला की रेघ मारायची, एवढंच आहे. मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांची जागा आहे त्यांनी म्हशाच्या यात्रेचे दिवस मोजणीत धरू नयेत, ते आकडे वर्षभर मिळत नाहीत.

वही भरली की पुढच्या बॅचला घेऊन या. पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांवरून गाळ्याचं जास्तीत जास्त किती भाडं परवडेल ते काढू, आणि मालकाशी करार करताना पावसाळ्याच्या महिन्यांचं भाडं कमी करून कसं मागायचं तेही बघू.